बनारसचे नऊ क्यूब

मला राग लवकर येतो असं घरात सगळे म्हणतात. ते खोटं आहे. मला राग उशिरा येतो, पण आला की जात नाही. ज्या प्रकरणाबद्दल हे लिहितेय त्याला आता काही वर्षं झाली. तरी भांडी घासताना ते आठवलं की माझा हात तव्यावर जोरात चालायला लागतो आणि आई आतून ओरडते, "अगं, तवा आहे तो, दुश्मन नाही."

मी तेव्हा सिव्हिल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. कॉलेज खासगी, बनारस शहराबाहेर, विमानतळाच्या रस्त्याला. घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. आमचे कुणी पूर्वज कोकणातून इथे आले आणि इथलेच झाले. बाबा महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करतात, आई शाळेत शिकवते. उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, असं आमचं चालतं.

त्या सत्रात आमच्या सरांनी जाहीर केलं की काँक्रीटच्या प्रयोगशाळेचं काम यंदा पुण्याच्या एका कॉलेजबरोबर मिळून करायचं. सरांची आणि तिथल्या एका मॅडमची कुठल्याशा परिषदेत ओळख झाली होती. योजना ऐकायला साधी होती. दोन शहरांतल्या विद्यार्थ्यांनी एकाच प्रमाणात काँक्रीट बनवायचं. सिमेंट एकाच जातीचं, पाणी तेवढंच, पण वाळू आणि खडी आपापल्या भागातली. प्रत्येक गटाने नऊ क्यूब घालायचे. क्यूब म्हणजे पंधरा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा, साधारण आठ किलोचा. त्यातले तीन सातव्या दिवशी यंत्रात घालून फोडायचे, तीन अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि तीन शिल्लक ठेवायचे. किती भाराला ठोकळा फुटतो, त्यावरून काँक्रीटची ताकद काढायची. मग दोन्ही शहरांनी मिळून एकच रिपोर्ट लिहायचा, एकत्र सादर करायचा.

पुण्याच्या गटात चार जण होते. आमच्या बाजूला आम्ही दोघीच, मी आणि माझी मैत्रीण. वर्गात मुली आम्ही दोघीच होतो आणि आम्हाला एकत्र टाकणं सरांना सोपं वाटलं. मैत्रीण चंदौलीहून यायची, दोन ऑटो बदलून. वडील नव्हते, आई अंगणवाडीत. तिला एकच गोष्ट हवी होती, चांगले मार्क आणि त्यांच्या जोरावर नोकरी. ती हे लपवत नसे. आणि तिच्या हातात जी सफाई होती ती आमच्या अख्ख्या वर्गात कुणाकडे नव्हती. वजनकाट्यावर ती सिमेंट टाकायची तर काटा एकदाच हलायचा.

मला मात्र वेगळाच आनंद झाला होता. पुण्याची मुलं! माझ्या वयाच्या कुणाशी मी आयुष्यात कधी मराठीत बोलले नव्हते. आमच्या गल्लीतली मराठी मुलं आपसात हिंदीच बोलतात. पहिल्या व्हिडिओ कॉलच्या आधी मी आरशासमोर दोन-चार वाक्यं म्हणून पाहिली, हे सांगायला आता लाज वाटते.

कॉल सुरू झाला. मी नमस्कार केला आणि म्हणाले, "आमच्याकडची बालू सोन नदीची आहे, लाल. आणि गिट्टी मिर्झापूरची."

मग कुणीतरी विचारलं, "बाळू कोण?"

चौघंही हसले. मनापासून हसले, डोळे पुसत. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "अरे, वाळू म्हणायचंय तिला. आणि गिट्टी म्हणजे खडी असेल." त्यांचा गटप्रमुख चष्मा वर सरकवत मला म्हणाला, "तुझं मराठी फार क्यूट आहे. तू मूळची कुठली?"

"बनारसची."

"हो, पण म्हणजे मूळची?"

मैत्रिणीला मराठी कळत नाही. ती माझ्या शेजारी बसून सगळ्यांकडे बघत हसत होती, कारण सगळे हसत होते. त्यानंतर पूर्ण कॉल मी हिंदीत बोलले.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते सोवळं वाळत घालत होते. म्हणाले, "मला तर रोज विचारतात. सगळा विधी झाला, दक्षिणा झाली, की म्हणतात, गुरुजी, तुम्ही एवढं छान मराठी कुठे शिकलात? मी सांगतो, आईच्या पोटात." बाबांना त्याचं हसू येतं. मला येत नाही.

कामाची वाटणी पहिल्याच कॉलमध्ये झाली, म्हणजे गटप्रमुखाने केली. दोन्हीकडचे ठोकळे ज्याने त्याने घालायचे, पण विश्लेषण, आलेख, लेखन आणि सादरीकरण पुण्याकडे. "तुम्ही डेटा पाठवत जा," तो म्हणाला. "आणि फोटो. फोटो भरपूर काढा." मोबाइलवरच्या गटात ते चौघं आपसात मराठीत लिहायचे. मैत्रीण मला विचारायची, "क्या लिखा है?" मी तिला वाचून सांगायची. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं की कृपा करून हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, इथे एकीला समजत नाही. सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. एक दिवस पाळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मराठी, आणि मी पुन्हा दुभाषी.

आता आमच्या कॉलेजबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडे प्रयोग कुणी करत नसे. वरच्या वर्गाच्या वह्या असत, त्यातले आकडे थोडे इकडेतिकडे करून उतरवायचे, सर सही करायचे. प्रयोगशाळेत यंत्रं होती, त्यांच्यावर कापडं होती. तिथल्या तंत्रज्ञांना आम्ही चाचा म्हणायचो. निवृत्तीला आलेले, कायम मफलर गुंडाळलेले. आम्ही साचे मागायला गेलो तेव्हा त्यांनी आधी मैत्रिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सच में डालोगी?" त्यांनी विचारलं.

"सच में, चाचा."

त्यांनी किल्ल्या काढल्या. साच्यांवर इतका गंज होता की ते घासण्यात आमचा एक दिवस गेला. त्यांना आतून तेल लावलं. वाळू चाळली, गिट्टी धुतली. हिवाळा होता, धुकं इतकं की प्रयोगशाळेच्या खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती. हात बधिर झाले होते. काँक्रीट साच्यात तीन थरांत भरायचं आणि प्रत्येक थराला लोखंडी सळईने पस्तीस ठोके द्यायचे, असा नियम. ठोके मैत्रीण मोजायची, मोठ्याने, आणि चुकले तर मला थांबवायची. नऊ ठोकळे, तीन-तीन थर. तिने एकही ठोका कमी पडू दिला नाही. दुसऱ्या दिवशी साचे उघडले तेव्हा आतून असे गुळगुळीत करडे ठोकळे निघाले की चाचासुद्धा हात फिरवून गेले. ते आम्ही पाण्याच्या टाकीत ठेवले, कारण काँक्रीटला ताकद यायला ओलावा लागतो.

सातव्या दिवशी पहिले तीन फोडले. हिशेब केला तर ताकद दर चौरस मिलिमीटरला पंधरा न्यूटनच्या आसपास आली. पुण्याचे ठोकळे एकवीसला फुटले होते.

गटप्रमुखाने लगेच निकाल दिला. "तुमच्या वाळूत माती असणार."

आम्ही वाळू पुन्हा तपासली. काचेच्या उभ्या नळीत पाणी आणि वाळू हलवून ठेवली, वर गाळ किती बसतो ते पाहिलं. गाळ नव्हताच म्हणण्याइतका. तसं कळवलं. उत्तर आलं, "बरं, बघू." मग माझ्या डोक्यात आलं, थंडी. गारठ्यात काँक्रीट हळू घट्ट होतं. टाकीतल्या पाण्यात हात घातला तर हाड दुखायचं. मी थर्मामीटर घेतला आणि त्या दिवसापासून रोज सकाळी, रविवारीसुद्धा, टाकीच्या पाण्याचं तापमान लिहून ठेवलं. रविवारी कॉलेज बंद असायचं. चौकीदाराला विनवून आत जायची. बाबा म्हणाले, "अगं, ते काय दगड आहेत, पळून जाणार आहेत का?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही एक दिवस संध्या चुकवता का?"

अठ्ठाविसाव्या दिवशी पुढचे तीन फोडले. बावीस, साडेबावीस, पुन्हा बावीस. पुण्याचे बत्तीस.

कमी आले होते, पण तिन्ही एकमेकांना धरून होते. मला तर उलट बरं वाटलं. आम्हाला काहीतरी सापडलं होतं. एकच कृती पुण्याच्या हवेत एक देते आणि बनारसच्या थंडीत दुसरं, हे आम्ही दाखवलं होतं. मी दीड पान लिहिलं, तापमानाचा तक्ता जोडला, प्रत्येक ठोकळ्याचा फोटो, यंत्राच्या तबकडीचा फोटो, आणि पाठवून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा अभ्यासातली एखादी गोष्ट मी स्वतः केली होती.

रिपोर्ट जमा करायच्या तीन दिवस आधी त्याचा अंतिम मसुदा आला. मी आणि मैत्रीण कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून मोबाइलवर वाचत होतो. माझं दीड पान कुठेच नव्हतं. तापमानाचा तक्ता नव्हता. आणि निकालाच्या तक्त्यात बनारससमोर आकडे होते, एकोणतीस पूर्णांक चार, तीस पूर्णांक एक, एकोणतीस पूर्णांक आठ. खाली वाक्य होतं, की दोन्ही भागांतल्या साहित्याने अपेक्षित ताकद दिली. शेवटच्या पानावर कुणी काय केलं याची यादी. त्यात आमच्या दोघींच्या नावापुढे लिहिलं होतं, स्थानिक साहाय्य.

मैत्रीण म्हणाली, "ये हमारे नंबर नहीं हैं."

मी तिथूनच गटप्रमुखाला फोन लावला. मागे कँटीनचा गोंगाट ऐकू येत होता. या वेळी मी मराठीतच बोलले.

"हे आकडे कुठून आले?"

"अगं, थोडे ॲडजस्ट केलेत. तुमचे आउटलायर होते, बाकीच्यांपासून फारच लांब."

"तीनही?"

"हो ना, तिन्ही. आता ग्राफ बघ किती नीट आलाय."

"आम्ही बावीस पाठवले होते. फोटो आहेत."

"फोटो कोण बघतंय?" तो समजावणीच्या सुरात बोलत होता, लहान मुलीशी बोलावं तसं. "हे बघ, बावीस दाखवले तर परीक्षक काय म्हणणार? की बनारसच्या मुलींना काँक्रीट नीट घालता आलं नाही. इज्जत तुमची जाईल. मी तुमच्याच बाजूने केलंय हे."

"आम्हाला विचारलं का नाही?"

"त्यात विचारण्यासारखं काय आहे?"

मी फोन बंद केला. पहिल्या कॉलला ते हसले तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता जे झालं ते वाईट वाटणं नव्हतं. पस्तीस ठोके. रविवारचं चौकीदारापुढे हात जोडणं. आणि त्याने पुण्यात खुर्चीवर बसून, बहुधा चहा पीत, बावीसचे तीस केले. वर आमच्यावर उपकार.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले, मैत्रीण मागे. सरांनी ऐकून घेतलं, म्हणजे मी बोलत असताना ते मोबाइल बघत होते. मग म्हणाले, "रिपोर्ट तो अच्छा आया है. तुमको दिक्कत क्या है?"

"सर, आँकड़े झूठे हैं."

"देखो, पुणेवालों से पहली बार कुछ बना है. आगे करार होगा, कॉलेज का नाम होगा. तुम दो नंबर के पीछे सब बिगाड़ोगी?"

मला तेव्हा वाटलं, ठीक आहे. आमच्याकडे अजून तीन ठोकळे आहेत. ते दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रात फोडू. बावीस आले की तो कागद सगळ्यांच्या तोंडावर टाकू. मैत्रिणीच्या ओळखीच्या एक दीदी शहरातल्या एका सरकारी चाचणी प्रयोगशाळेत होत्या. तिने फोन केला, त्या म्हणाल्या, उद्या दुपारी घेऊन या.

तीन ठोकळे पोत्यात घातले आणि ई-रिक्षात पायाशी ठेवले. रिक्षा एका बाजूला कलली. चालकाने मागे वळून विचारलं, "का ह? सिलवट?" मैत्रीण म्हणाली, "हाँ भइया, सिलवट, तीन ठे." पाट्याला इकडे सिलवट म्हणतात. आम्ही दोघी हसलो. त्या आठवड्यातलं तेवढंच हसणं.

दीदींची प्रयोगशाळा स्वच्छ होती, यंत्रावर चकचकीत हिरवं लेबल. त्यांनी ठोकळा उचलून सगळ्या बाजूंनी पाहिला. "बढ़िया डाला है," म्हणाल्या. यंत्र सुरू झालं. आकडा चढत गेला. मी मनात म्हणत होते, थांब, थांब आता. बावीस गेलं. पंचवीस गेलं. ठोकळा फुटला तेव्हा हिशेब आला तीस पूर्णांक दोन.

"दूसरा रखिए," मी म्हणाले.

दुसरा एकोणतीस पूर्णांक सहा. तिसरा जवळजवळ एकतीस.

मी तिथे उभी होते आणि मला आमच्याच ठोकळ्यांचा राग येत होता. काँक्रीट उत्तम निघालं होतं, मैत्रिणीच्या हाताची कमाल होती ती, आणि मला रडू येत होतं. गेल्या तीन-चार दिवसांत ठोकळ्यांनी एवढी ताकद धरणं शक्यच नव्हतं. त्याने जो आकडा मनाने लिहिला होता तो बरोबर होता. आम्ही जो थंडीत राबून मोजला तो चूक.

दीदींनी शांतपणे विचारलं, "तुम्हारी मशीन का सर्टिफिकेट कब का है?"

आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

कॉलेजला परत आलो ते थेट प्रयोगशाळेत. यंत्राच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, शेवटच्या तपासणीचं एक पिवळं पडलेलं लेबल होतं. मैत्रिणीने मोबाइलच्या उजेडात साल वाचलं. आम्ही दोघी तेव्हा शाळेत होतो.

चाचा दारात उभे होते. मी विचारलं, "चाचा, ये मशीन कम बताती है?"

"बताती है," ते म्हणाले. "बहुत दिन से."

"आपको मालूम था?"

"सबको मालूम है, बिटिया. सर को भी. दो बार लिखकर दिया हमने. बोले, तोड़ता कौन है जो ठीक करवाएँ."

"तो हमें क्यों नहीं बताया?" मी ओरडलेच. "हम आपके सामने छह क्यूब तोड़े!"

त्यांनी मफलर सारखा केला. "तुमने पूछा कहाँ? और हमें लगा, तुम लोग भी आखिर में बढ़ाकर लिख ही दोगी. सब लिखते हैं."

मला त्यांच्यावरही धड रागावता येईना. ते खरं बोलत होते. मीही आधीची दोन वर्षं वह्या उतरवूनच पास झाले होते. पण सर? मी त्यांच्या समोर उभी राहून सांगत होते की आकडे बदलले, आणि त्यांना माहीत होतं की मूळ आकडेच चुकीचे आहेत, का चुकीचे आहेत तेही माहीत होतं. "दिक्कत क्या है" असं विचारून त्यांनी मला बाहेर पाठवलं होतं.

दोन दिवसांनी सादरीकरण होतं. आमच्या सभागृहात मोठा पडदा, पलीकडे पुण्याचा वर्ग. इकडे सर कोट घालून, तिकडे त्या मॅडम. गटप्रमुख छान बोलतो, ते मान्य करायला हवं. आमच्या तक्त्याचं पान आलं तसं तो म्हणाला, "बनारसच्या टीमचे निकालही अपेक्षेप्रमाणेच आहेत." मी उठले आणि सभागृहातला माइक घेतला.

"हे आमचे आकडे नाहीत," मी मराठीत म्हणाले, आणि मग तेच हिंदीत, इथल्या लोकांसाठी. पुढचं सगळं दोन्ही भाषांत सांगत गेले. आम्ही बावीस मोजले होते. ते न विचारता बदलले गेले. मग आम्ही उरलेले तीन ठोकळे दुसरीकडे फोडले, तिथे तीस आले. आमचं यंत्र कमी दाखवतं, त्याची तपासणी कित्येक वर्षं झालेली नाही, आणि हे आमच्या कॉलेजात माहीत आहे. मी लेबलाचा फोटो दाखवला.

पडद्यावर गटप्रमुखाचा चेहरा आधी उतरला, मग त्याला काहीतरी सुचलं.

"म्हणजे मॅडम," तो म्हणाला, "आमचं करेक्शन बरोबरच होतं."

"करेक्शन नव्हतं ते!" माझा आवाज माइकमध्ये फाटला. "तुला यंत्राचं काही माहीत होतं? तू अंदाज मारलास आणि तो लागला. खरंच आमची वाळू खराब असती तरी तू तीसच लिहिले असतेस. उद्या कुणाच्या घराचा खांब असाच ॲडजस्ट करशील."

मॅडमनी हात वर केला. त्यांनी त्याला एकच विचारलं, "मूळ आकडे बदलताना त्यांना विचारलं होतंस?" तो नाही म्हणाला. मग त्या आमच्या सरांकडे वळल्या. "सर, मशीन का कैलिब्रेशन?"

"प्रोसेस में है," सर म्हणाले.

रिपोर्ट परत गेला. पुण्याच्या गटाला तो नव्याने लिहायला सांगितलं गेलं, त्यांनी लिहिला, आणि मॅडमनी त्यांचे थोडे गुण कापून विषय संपवला. गटप्रमुखाकडून मला माफीचं पत्र आलं, इंग्रजीत, तीन परिच्छेदांचं, कुठल्याही कंपनीने कुठल्याही ग्राहकाला पाठवावं तसं. मी उत्तर दिलं नाही. पुढच्या वर्षी त्या कॉलेजने आमच्याबरोबर काही केलं नाही. यंत्राची तपासणी झाली, पण ती मान्यतेसाठी बाहेरची समिती येणार होती म्हणून. अंतर्गत गुण सरांच्या हातात होते. आमच्या दोघींना वर्गात सगळ्यात कमी पडले. शेरा होता, अनुशासन.

मी पुन्हा लढायला तयार होते. प्राचार्यांना द्यायचं पत्र लिहूनही झालं होतं, चार पानी. सही घ्यायला मैत्रिणीकडे गेले. ती वाचनालयात बसली होती. तिने पत्र वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं.

"मैं साइन नहीं करूँगी."

"क्यों? तेरे भी नंबर काटे हैं."

"हाँ, काटे हैं." ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही नाही चढवला. "इसी नंबर पर मेरा प्लेसमेंट का फॉर्म अटक गया. तूने माइक उठाया, मुझसे पूछा था?"

मी म्हणाले, तू तिथेच होतीस, तुझेही आकडे होते, तुलाही राग आला होता.

"आया था. मैंने सोचा था, मैडम को चुपचाप ईमेल कर देंगे. सर का नाम नहीं आता. मैं तुझे बताने वाली थी. तूने 'हम' बोल-बोलकर सब बोल दिया. हम में मैं भी थी ना?"

मी पत्र घेऊन बाहेर आले. ते प्राचार्यांना दिलं नाही. त्यात तिचं नाव अकरा वेळा होतं.

महिनाभर आम्ही कामापुरतं बोललो. नंतर हळूहळू पूर्वीसारखं झालं. तिला वर्षभर उशिरा नोकरी लागली, गोरखपूरकडे पुलाच्या कामावर, आणि ऐकते की तिथे तिच्या हातचे नमुने कुणी दुसऱ्यांदा तपासत नाही. फोनवर आम्ही तासभर बोलतो, घरचं, दारचं, सगळं. त्या प्रयोगाचा विषय दोघीही काढत नाही.

गटप्रमुखावरचा माझा राग अजून आहे. सरांवरचा तर रोज थोडा वाढतो, कारण ते आता विभागप्रमुख झाले आहेत. बाबा म्हणतात, सोडून दे. मी सोडणार नाही. फक्त आता त्या सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत असताना मध्येच वाचनालयातली मैत्रीण समोर येते, पत्राची घडी घालत, आणि मग ज्याच्यावर ओरडायचं असतं त्याचा चेहरा काही केल्या नीट दिसत नाही.